दिवा लागल्यावर रास मोजत नाही

झोप येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या माणसांची मी आयुष्यभर थट्टा केली. स्टील प्लांटात तिन्ही पाळ्या केलेल्या माणसाला झोप मागावी लागत नाही. नाइट करून घरी आलो, पोहे खाल्ले, आडवा झालो, की संपलं. बाहेर भंगारवाला ओरडो, शेजारी मसाला कुटो, ऊन तोंडावर येवो. माझी बायको सुनीता पाहुण्यांना सांगायची, "याहिले उठवाले बँड लागते, बँड!"

तोच मी एकदा झोपेला असा भ्यालो, की डोळा लागू नये म्हणून जीभ चावत जागा राहिलो. त्या भीतीबद्दल हे लिहून राहिलो आहे. ज्यांच्या घरी हा आजार आला असेल त्यांनी वाचावं. माझी मराठी भिलाईची आहे, तिच्यात हिंदी घुसलेली आहे, आणि ती वेचून काढत मी काही बसणार नाही.

आजाराचं नाव जीबीएस. आपल्या अंगातली राखणच आपल्या नसांवर उलटते. घरचा कुत्रा घरच्यांनाच चावत सुटावा, तसं. पायापासून सुरू होतो, वर चढतो, आणि कुठं थांबेल ते कोणालाच सांगता येत नाही. बहुतेक लोक बरे होतात, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात. माझ्या कानात त्यातला 'बहुतेक' तेवढा राहिला.

मी आज चालतो. डावं पाऊल घासत चालतो. उजव्या डोळ्यासमोर कायम धुकं असतं, त्याचं कारण पुढं येईलच. क्रेनवर आता मला चढू देत नाहीत, ऑफिसात टेबलावर बसवलं आहे. पण जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'वाचला का मेला' या धास्तीनं कोणी वाचायला नको.

शिडी

मी ओव्हरहेड क्रेन चालवायचो. शेडच्या छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन, तिला खालून लटकलेली केबिन, आणि केबिनमध्ये मी. खाली माणसं, आणि त्या माणसांच्या आसपास माझ्या हाताशी टांगलेलं लालबुंद लोखंड. या कामात एकच गोष्ट शिकवतात. नजर हटली की खालचा माणूस गेला. वीसेक वर्षं मी नजर हटवली नाही, आणि ती खोड घरीही आली. गॅस बंद आहे का, कडी लागली का, पोरगी नेहरू नगरच्या कोचिंगहून निघाली का. सुनीता वैतागून म्हणायची, "तुमी घरात बी केबिनमध्येच बसून राह्यता."

मरोद्याला एका लग्नात जेवलो आणि पोट बिघडलं. ते दोन-चार दिवसांत बरं झालं. मग तळपायांना मुंग्या आल्या. मी म्हटलं, नवीन सेफ्टी शूज चावत असतील. मग एका सकाळी क्रेनची लोखंडी शिडी चढताना अर्ध्यात गुडघे दुमडले. मी कठड्याला मिठी मारून उभा राहिलो. खालून फोरमन ओरडला, "अबे, उप्पर जा के फोटो खिंचवाना है क्या?" मी हसलो, उतरलो, आणि बीपी असेल म्हणालो.

घरी आलो, संडासला बसलो, तर उठताच येईना. हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी मारली. सुनीतानं दार हलवून हलवून कडी पाडली, काखेत हात घालून मला उचललं, आणि बाहेर आणून खाटेवर टाकलं. मग मात्र पदर तोंडाला लावला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी जागा बदलून मारली. तरी नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग हातोडी खिशात ठेवली, आणि तेव्हाच मला कळलं की बीपी नाही.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. बसून बोलणारा डॉक्टर मला कधीच आवडला नाही.

"ये ऊपर चढ़ेगा," ते म्हणाले.

"कहाँ तक?"

"अभी कह नहीं सकते. छाती तक जा सकता है, चेहरे तक भी. फिर रुकेगा, फिर उतरेगा. दवाई आज ही चालू करेंगे."

"अन् छातीत आला त?" मी घाबरून मराठीतच विचारलं. त्यांना समजलं.

"मशीन है," ते म्हणाले.

मोजणी

श्वासाचे स्नायू किती उरलेत ते पाहायची एक साधी रीत आहे. पेशंटला खोल श्वास घ्यायला लावायचा आणि एका दमात आकडे मोजायला सांगायचे. जिथं दम तुटला, तिथं त्या दिवसाचा हिशेब.

एक तरुण डॉक्टरीण यायची. रायपूरची पोरगी, केसांची घट्ट वेणी, चालणं पळत्या बसमागे धावल्यासारखं. "अंकल, एक साँस में गिनिए."

मी 'एक' म्हणालो, तोच उशाशी बसलेल्या मायनं हात आडवा घातला. "एक नोको म्हणू, बाबू. लाभ म्हण."

माझी माय भंडाऱ्याकडची. धानाच्या मुलखातली. बाबा प्लांटात लागले म्हणून ती इथं आली, कोहक्याला घर झालं, पण तिचं डोकं अजून खळ्यावरच असतं. तिकडं धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन.

डॉक्टरीण हसली. "ये कौन सा नंबर है, अम्मा?"

"पहला नंबर है, बेटा. एक बोलेगा तो एकीच रहेगा."

मी वाद नाही घातला. लाभ, दोन, तीन करत तिशीच्या पुढं गेलो. डॉक्टरीण खूश. जाता जाता म्हणाली, विसाच्या आसपास आलं तर आयसीयूत हलवू, आणि पंधराच्या खाली घसरलं तर गळ्यात नळी घालून मशीनवर घेऊ. तिनं ते सहज सांगितलं. तिला काय माहीत, कोणत्या माणसाला सांगून राहिली ते.

ती गेली आणि मी परत मोजलं. मग परत. माय चहा प्यायला गेली तेव्हा, सुनीता माझे कपडे बदलवत होती तेव्हा, सलाइनची बाटली बदलली तेव्हा. दोन आकडे कमी आले की खात्री करायला पुन्हा. मोजण्यासाठी दम लागतो, आणि मोजून मोजून दम कमी यायचा, हे मला दिसत होतं, तरी खोड सुटत नव्हती. दोन दिवसांत मी आयसीयूत होतो.

आयसीयूत दिवस कोणता न् रात्र कोणती, कळत नाही. ट्यूबलाइट विझतच नाही. समोर मॉनिटर, त्यावर हिरवी रेघ. माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: मी जागा आहे तोवर श्वास मी घेतो आहे, झोपलो की घेणारा कोणी नाही. जरा डोळा लागला की दचकून उठायचो, आणि मोजायचो.

डॉक्टर म्हणाले, "सो जाइए. आप साँस से लड़ रहे हैं, ऐसे थक जाएँगे तो ट्यूब जल्दी लगेगी."

"गोली दे दो," मी म्हणालो.

"वही नहीं दे सकते. गोली से आप भी सोएँगे, साँस भी सो जाएगी."

म्हणजे ज्याच्यावाचून मी मरणार होतो, ते मला कोणी देऊ शकत नव्हतं. ते माझं मलाच यायला पाहिजे होतं, आणि मी त्याला दारातच अडवून बसलो होतो. हात गेले, मानेवर डोकं ठरेना, उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं जराजरा हलायचं. असा निजलेला लाकडाचा ओंडका पहारा देत होता. आता हसू येतं. तेव्हा नुसती भीती होती, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी कडू भीती.

चेहरा

मग चेहरा गेला. चमच्यानं पाजलेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळून उशीवर आलं, तेव्हा समजलं. ओठ मिटेनात. 'पाच' म्हणायला जावं तर 'हाच' यायचं.

माझी पोरगी मिताली भेटायला आली. तिनं येताना एक जोक पाठ करून आणला होता, फोरमनच्या नकलेसकट. चांगला केला तिनं. मी आतल्या आत खदखदून हसत होतो. ती माझ्याकडं पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "पप्पा, अच्छा नहीं था क्या?" माझा चेहरा भिंतीसारखा होता. ती बाहेर गेली आणि त्या दिवशी परत आत आली नाही.

चेहऱ्यासोबत पापण्याही गेल्या. डोळे मिटायचेच बंद झाले. म्हणजे झोपायचं मनात आलं असतं, तरी डोळे सताड उघडे. ड्यूटीवर तारा सिस्टर असायच्या, दुर्गकडच्या एका गावच्या. त्यांनी डोळ्यांत मलम घातलं, बोटांनी पापण्या खाली ओढल्या आणि वरून कागदी पट्टी चिकटवली.

भेटायच्या वेळी माय आत आली आणि तिथंच मटकन बसली. "माह्या पोराचे डोळे कोणं मिटवले?"

बाबा गेले तेव्हा त्यांचे डोळे तिनंच मिटले होते. तिच्या जगात दुसऱ्याच्या हातानं डोळे मिटायची वेळ माणसावर एकदाच येते. तारा सिस्टरनी तिला उठवलं, समजावलं, "झन निकालबे दाई, आँखी सुखा जाही." म्हणजे, काढू नको माय, डोळे सुकतील. माय मुंडी हलवायची, हो म्हणायची. आणि निघायच्या आधी पदराआड हात घेऊन हळूच पट्ट्या सोलून काढायची. "जित्या माणसाचे डोळे मिटते का कोणी? पाह्य बाबू, मोकळं पाह्य."

मला ते बरंच वाटायचं, कारण पट्टी निघाली की मॉनिटर दिसायचा. सिस्टर पुन्हा लावायच्या, पण त्यांना आणखी पेशंट होते. मधला वेळ डोळे कोरडे पडायचे. पाच-सहा दिवसांत उजवा डोळा रक्तासारखा लाल झाला, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर जखम आहे, डाग राहील.

ज्यांच्या घरी हा पेशंट आहे त्यांना हात जोडून सांगतो: पट्टी काढू नका. देवाची शपथ घालून सांगतो. आणि पेशंट ओंडक्यासारखा दिसला तरी त्याच्यासमोर कुजबुजू नका, त्याला सगळं ऐकू येतं. अंगाला हात लावताना सांगून लावा, कारण चादरीची घडीसुद्धा दुखते.

बाक

पुढचं मला मितालीनं नंतर सांगितलं. वेटिंग हॉलमध्ये सुनीता मायला म्हणाली, "डोळा तुमी घालवला, आत्याबाई." सगळ्यांसमोर म्हणाली. लग्नापासून ती सासूला उलटून एक शब्द बोलली नव्हती, तो त्या दिवशी बोलली.

मायनं मग जेवणाचा डबा उघडला नाही. त्यानंतर बाकाच्या एका टोकाला माय, दुसऱ्या टोकाला सुनीता, आणि मधे मिताली दोघींना पोळीभाजी वाढत. मायनं आत येणं सोडलं. "माहा हात लागला की वाईटच होते," म्हणाली.

मग भेटीला सुनीताच यायची, आणि यायची ती चिडलेली. "झोपा म्हणते त झोपत कावून नाही? मी काय मेली का? आमी दोघी-तिघी बाहेर फरशीवर पडून राह्यतो, तुमच्यासाठीच नं?" बोलायची आणि लगेच माझा हात गालाला लावून रडायची. मला काही बोलता येत नव्हतं. भेटीपुरत्या सिस्टर पट्ट्या काढून ठेवायच्या, मी उघड्या डोळ्यांनी तिच्याकडं पाहायचो, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. तिची माझ्यावरची चीड खरी होती. झोपण्यासारखं सोपं काम मी तिच्यासाठी करत नव्हतो.

मोजणी सतराच्या आसपास आली होती.

एका संध्याकाळी ती आत आलीच नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सासूला म्हणाली, "आज तुमी जा. मले नाही पाहावत." हा माफीचा शब्द नव्हता. पण माय उठली.

जप

त्या आधी एक गंमत झाली होती, गंमत म्हणायची तर. शेजारच्या बेडवरच्या म्हाताऱ्याची बायको बाहेर मायला भेटली आणि म्हणाली, "अम्मा, आपका बेटा बड़ा भक्त है. होंठ हिलते रहते हैं, दिन-रात नाम जपता है."

मायला काय वाटलं असेल! तिच्या पोरानं कधी देवापुढं धड उदबत्ती लावली नव्हती. नवरात्रात ज्योतीला तेल घाल म्हटलं तर मी ड्यूटीचं कारण सांगायचो. तो पोरगा नाम घेतो! त्या संध्याकाळी आत येताना तिचा चेहरा उजळला होता, मी पाहिला. तिनं चप्पल काढली, हात पुसले, वाकून माझ्या तोंडाशी कान आणला.

मी मोजत होतो. ओठ मिटत नसल्यामुळे अर्धे आकडे हवेतच जायचे, पण आईला पोराचं बोबडं कळतं. "…अकरा…हारा…तेरा…"

माय सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. मला वाटलं, रडेल. ती भडकली.

"रास मोजून राह्यला का रे तू?"

तिनं दाराकडं हात केला.

"किती वाजले मालूम हाये? बाहेर दिवे लागले. दिवा लागल्यावर रास मोजते का कोणी? माह्या बापानं मोजली का कधी?"

मग ती बोलत सुटली, खुर्ची ओढून, भांडल्यासारखी. खळ्यात धानाची रास पडलेली असायची. वर्षाचं सगळं खाणं उघड्यावर. दिवस बुडेपर्यंत मोजून झालं तर झालं, नाही तर हात थांबवायचा. रासेवर गोणपाट टाकायचं, भोवती राखेची रेघ ओढायची, हात जोडायचे, आणि म्हणायचं, ज्याची रास त्यानं राखावी. मग बाजूला पेंढ्यावर अंग टाकायचं. "माहा बाप तिथंच घोरे. अन् घरी माय म्हणे, कणगी उघडून उघडून पाह्यशीन त धान सरते. मोजून वाढते का रे? तू त मोजून मोजूनच खाऊन टाकलं!"

माझ्या डोक्यात प्रश्न होता, तो तिनं कसा वाचला कोणास ठाऊक. डोळे तर माझे सारखेच सताड होते.

"चोर नाही येत का म्हणशीन. येते नं. कावून नाही येत? पण जागणाऱ्याच्या बी खळ्यात येते, बाबू. जागून जागून माणूस आडवा पडते अन् मग येते."

एवढं बोलून ती दमली. आणि मग मी तिला कधी पाहिलं नव्हतं अशी घाबरलेली दिसली, लहान पोरीसारखी. तारा सिस्टर मलम घेऊन आल्या होत्या. मायनं त्यांना थांबवलं.

"मी मिटतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायाही 'मी करतो' म्हणतात. "माह्या हातानं मिटतो. सकाळी माह्याच हातानं उघडीन."

तिच्या बोटाला लसणाचा वास होता, बाकावर बसून कोणाच्या तरी डब्यासाठी सोलला असेल. तिनं आधी डावी पापणी खाली ओढली, मग उजवी, दुखऱ्या डोळ्याची, फार हळू. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. सिस्टरनी वरून पट्टी लावली.

अंधार झाला. मॉनिटर गेला. मला इतकी भीती वाटली की ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. जीभ आपोआप 'लाभ' म्हणायला वळली, आणि तिथंच थांबली. मोजायला सुरुवात केली तर माय ऐकेल, एवढंच वाटलं. ती जवळच होती, लसणाचा वास येत होता.

त्या वेळी मी जे केलं त्याला प्रार्थना म्हणायचं असेल तर म्हणा. तिच्यात भक्ती काही नव्हती. मी मनात म्हणालो, हे पाह्य, मले काही आता झेपत नाही. माहा नाइलाज झाला. ही माय म्हणते तू राखतोस, त राख. नाही राखलं त तुह्यावर. मी चाललो.

आणि रागातच मी सोडून दिलं. छातीवरची पकड सुटली. श्वास आला तसा आला, गेला तसा गेला, मी त्याच्या मागं गेलो नाही. मायचा हात कपाळावर होता तो कधी निघाला, मला माहीत नाही. मी झोपलो.

नळी

आता चांगलं लिहायचा मोह होतो. झोपलो, उठलो, आकडा वाढला होता, असं. तसं झालं नाही.

मी जागा झालो तेव्हा गळ्यात नळी होती. डोळ्यांवरची पट्टी दुसऱ्याच कोणाच्या हातानं निघालेली होती. छाती वर-खाली होत होती आणि ती मी करत नव्हतो. शेजारी मशीन फुसफुसत होतं. ज्याची भीती होती ते सगळं होऊन गेलं होतं, आणि नेमकं मी नजर हटवली तेव्हाच झालं होतं.

मला राग आला. असा राग माझ्या आयुष्यात कधी आला नसेल. देवाचा आला, पण त्याहून जास्त मायचा आला. म्हातारीनं गोष्टी सांगून झोपवलं आणि गळा कापला, हेच मनात. सकाळी माह्याच हातानं उघडीन म्हणाली होती. कुठं होती ती?

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: झोप लागल्यावर काही तास मी छान झोपलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पहाटे छाती थकली. तारा सिस्टरच्या लक्षात आलं, त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, वेळेत नळी पडली. जागा असतो तरी पडलीच असती, त्याआधीच पडली असती, आणि थकलेल्या अंगात पडली असती. ते खरं बोलत होते का मला बरं वाटावं म्हणून, ते मी त्यांना आजपर्यंत विचारलं नाही.

पण तेव्हा मला त्यांचं ऐकायचं नव्हतं. मला जाब विचारायचा होता.

मितालीनं एक युक्ती काढली होती. ती मुळाक्षरं म्हणायची, आणि पाहिजे ते अक्षर आलं की मी बोट हलवायचं. त्या दिवशी तिघीही एकदम आत होत्या, सिस्टरनी कसं सोडलं देव जाणे. मिताली 'क, ख, ग' म्हणत गेली. 'न'वर मी बोट हलवलं. मग ती पुन्हा सुरू झाली. मी वाट पाहत होतो. य, र, ल, व, श, ष, स, ह. संपलं. तिनं परत म्हटलं. परत 'ह'वर संपलं. पोरगी हिंदी शाळेत शिकलेली. तिच्या मुळाक्षरांत 'ळ' नाहीच! मी चिडून 'ल'वरच बोट हलवलं.

"नल? पप्पा, पानी चाहिए? प्यास लगी?"

गळ्यात नळी, अंगात आग, आणि पोरगी पाण्याचा नळ समजून राहिली. मी बोट हलवत राहिलो, हलवत राहिलो.

मायच पुढं आली. "नळ नाही व, पोरी. नळी. नळीचं इचारून राह्यला तो. कधी घातली, कोणं पाह्यलं, मी कुठी होती, तेच नं बाबू?"

मी बोट हलवलं.

मला वाटलं, आता देवाचं काही सांगेल. रात्रभर उशाशी बसली होती, नाम घेत होती, असलं काही. ते ऐकायची माझी तयारी होती आणि त्यावर थुंकायचीही. माय मग जरा लाजली.

"मले काय मालूम? मी त झोपली होती."

सुनीतानं मान खाली घातली. "मी बी," ती म्हणाली. "आत्याबाईच्या बाजूलेच पडली होती. डोळा कवा लागला, समजलंच नाही."

"मम्मी खर्राटे मार रही थी," मिताली म्हणाली. "मैं भी सो गई थी, पप्पा. सॉरी."

तिघीही झोपल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एका सतरंजीवर, एकमेकींना पाठ लावून. माझं सगळं घर झोपलं होतं त्या पहाटे माझा श्वास थांबायला आला, आणि कोहक्याच्या घरातलं एक माणूसही जागं नव्हतं.

तारा सिस्टरना माय देवाच्या खात्यात धरते. मी नाही धरत. सिस्टर ड्यूटीवर होत्या, त्यांनी ड्यूटी केली, त्यांचे पाय मी बरा झाल्यावर धरले आणि त्या संकोचून मागं सरकल्या. पण तेव्हा, त्या नळीसकट, मला हे काही वेगळं काढता आलं नाही. मला एवढंच समजलं, की माझा राग कुठं ठेवावा ते मला सापडत नाही.

माय वाकली. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला.

"कोणीच जागी नव्हती, बाबू," ती म्हणाली. "न तू, न मी. तरी तू हायेस नं."

मी बोट हलवून तिला काही तरी सांगणार होतो. भर दुपार होती, समोरच्या काचेवर ऊन होतं, मशीन आपलं काम करत होतं. सांगायच्या आधीच मला झोप लागली.